बघण्यासारखं काय आहे?

‘तिथं बघण्यासारखं काय आहे?’ या चार शब्दांनी महाराष्ट्रातले जितके वाडे पाडले, तितके पेंढाऱ्यांनीही पाडले नसतील. हा माझा दावा आहे आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली मी तो रीतसर मांडलेलाही आहे. सभेने तो कामकाजात नोंदवून घेतला नाही. तेवढ्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

आमच्या गावात या प्रश्नाला जरा जास्तच धार आहे, कारण गावाच्या नावातच ‘नवी’ आहे. मुंबई जुनी, आम्ही नवे. आमच्या शहराला इतिहास नाही, असं इथला माणूस पाहुण्यांना मोठ्या समाधानाने सांगतो. एखाद्याने साठाव्या वर्षी ‘आपल्याला साखर नाही, प्रेशर नाही’ म्हणून सांगावं, तसं. रुंद रस्ते आहेत, सेक्टर आहेत, गाडी लावायला जागा होती. इतिहास हवा असेल तर तो पुण्याला मिळतो, नाहीतर विमानाचं तिकीट काढावं.

आमच्या मेव्हण्यांनी विमानाचं तिकीट काढलं. मेव्हणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू; घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची लेक इंग्लंडात केंट परगण्यात असते. मागच्या खेपेला लंडन उरकलं होतं, या खेपेला दादांनी परगणा हातावेगळा केला. जुने वाडे, बागा, किल्ले, गावं, काही म्हणून ठेवलं नाही. परत आल्यावर एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावून चारशे बारा फोटो दाखवले. टीव्हीला जोडून. जेवण फोटोंच्या नंतर होतं, त्यामुळे उठताही येईना.

हीव्हरचा किल्ला पाहिला. आठव्या हेन्रीने जिचं डोकं उडवलं ती राणी तिथं लहानाची मोठी झाली. भोवती खंदक, खंदकात बदकं. १९०३ साली एका अमेरिकन धनवंताने तो विकत घेतला आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी शेजारी जुन्यासारखं दिसणारं एक अख्खं गाव नव्याने बांधलं, ही माहिती दादांनी जरा खालच्या आवाजात दिली. मग सिसिंगहर्स्टची बाग. मग चार्टवेल, म्हणजे चर्चिलचं घर. आणि मग एकापाठोपाठ एक, अकरा फोटो एका भिंतीचे.

“ही भिंत चर्चिलने स्वतः बांधली, भावोजी! स्वतःच्या हातांनी विटा रचल्या. तशी पाटीच आहे तिथं.”

भिंत विटांची होती, सरळ होती, उभी होती. यापेक्षा वाईट गवंडीकाम माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिकीट किती म्हणून विचारलं, तर दादांनी पौंडांत आकडा सांगितला आणि म्हणाले, “रुपयांत करू नका. मी केले होते, दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.”

आता चर्चिल म्हणजे कोण, हे मी सांगायला नको. हिंदुस्थानला स्वराज्य द्यायला जन्मभर नाही म्हणत राहिलेला गृहस्थ. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा विलायतेचा पंतप्रधान हाच. तरीसुद्धा माणूस मोठा होता, लढाई जिंकलेला होता, त्याचं घर बघायला माझी काडीचीही हरकत नाही. भिंतीलाही नाही. माझं भांडण पुढेच आहे.

दादा पनवेलला राहतात. तिथून पेणच्या रस्त्याला लागलं, पळस्पे फाटा ओलांडला, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण नावाचं गाव लागतं. या गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्माला आले. त्यांचं घर तिथं आहे. दादांचं मूळ गाव अलिबागकडचं, त्यामुळे गेली तीस वर्षं दर गणपतीला ते याच रस्त्याने जातात आणि याच रस्त्याने येतात. पळस्प्याला वडा आणि कोकम सरबतासाठी पंचवीस मिनिटं थांबतात. बाकीचे आटोपले तरी वहिनींचा दुसरा वडा व्हायचा असतो. तिथून शिरढोण पाच-दहा मिनिटांवर आहे.

“दादा, शिरढोणला कधी उतरलात का हो?”

दादांनी माझ्याकडे चर्चिलच्या भिंतीसारखं सरळ पाहिलं आणि म्हणाले, “तिथं बघण्यासारखं काय आहे?”

काय आहे ते सांगतो. एक घर आहे. त्यालाही भिंती आहेत. त्या वासुदेव बळवंतांनी स्वतः रचल्या नाहीत हे मला मान्य आहे. त्यांचं कसब बांधण्यापेक्षा उखडण्यात होतं. १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगातल्या कोठडीचं दार त्यांनी बिजागऱ्यांतून उखडलं आणि ते पळाले. पुन्हा पकडले गेले, अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारीला गेले. ज्या माणसाने १८७९ साली रामोशांना बरोबर घेऊन इंग्रज सरकारची झोप उडवली, तो मूळचा कोण? पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून. आई आजारी म्हणून रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही, गावी पोचेपर्यंत आई गेलेली होती. मी छत्तीस वर्षं कारकुनी केली आहे. माझेही रजेचे अर्ज नामंजूर झाले आहेत. मी संध्याकाळी घरी येऊन बायकोवर चिडत असे. हा माणूस साम्राज्यावर चिडला. तो सुट्टीला म्हणून निघाला आणि जिथं उशिरा पोचला, ते गाव आपल्या वड्याच्या दुकानापासून एवढ्याशा अंतरावर असावं आणि आपण गाडीच्या काचा वर करून पुढे जावं? काखेत कळसा आणि केंटला वळसा.

यावर दादा म्हणाले, तिकडे सगळं कसं व्यवस्थित ठेवलंय. हा दुसरा नेहमीचा मुद्दा. इंग्रजांनी ठेवलंय म्हणून लोक बघायला जातात. मला वाटतं दादांनी हे उलटं धरलंय. लोक बघायला जातात म्हणून ठेवावं लागतं. त्यांचा तो नॅशनल ट्रस्ट १८९५ साली तीन माणसांनी काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी जी पहिली इमारत वाचवली, ती राजवाडा होती की किल्ला? दोन्ही नाही. केंटच्या शेजारच्या ससेक्समध्ये ऑल्फ्रिस्टन नावाच्या खेड्यातलं एक गवती छपराचं, मोडकळीला आलेलं जुनं घर होतं ते. दहा पौंडांना मिळालं. त्या खेड्यातही तेव्हा कोणीतरी पाइप ओढत म्हणाला असेलच, की या खोपटात बघण्यासारखं काय आहे. पण तिघांनी त्याचं ऐकलं नाही.

शिवाय दादांचे चारशे बारा फोटो मी नीट पाहिले. निम्म्या ठिकाणी बघण्यासारखं असं काही नव्हतंच, बरं का. एक पलंग. एक किटली. कोणा उमरावाचे जोडे. सिसिंगहर्स्टला तर त्या बाईची लिहायची खोली जाळीच्या दाराबाहेरूनच बघायची. दादा दारातूनच बघून आले आणि धन्य झाले. खोलीत एक टेबल होतं, पुस्तकं होती. मग दादांना तिथं बघण्यासारखं काय वाटलं? तिथं एक पाटी होती, एक खुर्ची होती आणि खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई होत्या. बाई बिनपगारी येतात आणि आल्यागेल्याला सांगतात, की ही खोली कोणाची, ती इथं बसून काय करायची, कोणाला चिडायची. शेवटी चहा आणि केक. केकचे नऊ फोटो होते. पाटी, खुर्ची, म्हातारी आणि चहा, एवढ्या भांडवलावर अख्खा परगणा चालला आहे.

यातलं आपल्याकडे काय नाही सांगा. खुर्च्या आहेत. चहा तर आहेच. निवृत्त माणसं तर इतकी आहेत, की सकाळी बागेत बाक रिकामा मिळत नाही आणि बोलायला त्यांना फक्त कारण हवं असतं. राहता राहिली पाटी. पाटीही आपण लावतो. पण आपली पाटी सांगते, की या वास्तूला हात लावलात तर तुम्हाला किती शिक्षा होईल. वास्तू काय आहे हे तिच्यावर नसतं. माणूस शिक्षेचा आकडा वाचतो आणि दचकून चार पावलं लांबूनच निघून जातो.

बेलापूरचं घ्या. आमच्या महानगरपालिकेचं मुख्यालय २०१४ पासून बेलापूरला, पाम बीच रस्त्याच्या टोकाला आहे. पांढरीशुभ्र मोठी इमारत आहे, रात्री दिवे लावतात, लोक समोर उभं राहून फोटो काढतात. तिचा छापील पत्ता कधी वाचलात? त्यात ‘किल्ले गावठाण’ असं आहे. समोरच्या चौकाला लोक किल्ला जंक्शन म्हणतात. बसचा कंडक्टर दिवसातून चाळीस वेळा ‘किल्ला, किल्ला’ ओरडतो, चाळीस वेळा लोक उतरतात, आणि किल्ला कुठे आहे असं एकही माणूस विचारत नाही. मी एकदा रिक्षावाल्याला म्हटलं, किल्ल्यावर चल. त्याने जंक्शनला आणून सोडलं. मी म्हटलं, बाबा रे, हा सिग्नल आहे. तो म्हणाला, “काका, हाच किल्ला.”

किल्ला तिथून जवळच, खाडीच्या अंगाला आहे. म्हणजे त्याचा बुरूज आणि भिंतींचे तुकडे, झाडांच्या मुळ्यांनी मिठी मारून धरलेले. मिठी सोडवली तर दगड पडतील आणि न सोडवली तरी पडतील, अशी एकंदर परिस्थिती. पोर्तुगीज इथं होते, त्या वेळी या गावाला शहाबाज म्हणत. शहाबाज गाव अजून शेजारी आहे. १७३० च्या दशकात चिमाजीअप्पांच्या मोहिमांच्या धामधुमीत तो मराठ्यांकडे आला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन असा अप्पांनी नवस केला आणि त्या बेलावरून बेलापूर झालं, अशी गोष्ट सांगतात. १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला. इथून घारापुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे, असंही मला एका स्थानिक पोराने शपथेवर सांगितलं. महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला मी अजून पाहिलेला नाही. बेलापूर ते पेंधर ही जमिनीवरून जाणारी मेट्रो आम्हाला २०११ ला काम सुरू होऊन २०२३ ला मिळाली. तिथं चारशे वर्षांपूर्वी समुद्राखालून भुयार! पण पोराच्या डोळ्यांत चमक होती. त्याला त्याच्या किल्ल्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं आणि ऐकायला त्या दिवशी एक म्हातारा मिळाला होता.

किल्ल्याच्या जतनाचं काम हाती घेणार, घेतलं, अशा बातम्या पेपरात मधूनमधून वाचतो आणि मला बरं वाटतं. पण दुरुस्ती होऊन कोणी आलंच नाही, तर पुन्हा मुळ्या येणार. मुळ्या काही बघण्यासारखं आहे का म्हणून विचारत नाहीत.

सगळ्यात नवल याचं वाटतं, की हा प्रश्न आमच्याच तोंडात यावा. आम्ही वाशीला राहायला आलो ते १९८६ साली. पूल होता १९७३ चा, पण रेल्वे यायला १९९२ उजाडायचं होतं. दादरची माणसं तेव्हा आमच्या पत्त्याकडे ‘खाडीपलीकडे’ अशा नजरेने बघत. जणू मधे खाडी नसून वैतरणी आहे. वास्तुशांतीला बोलावलं तर सौ.ची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, “अगं, पण तिकडे आहे काय?” सौ.ने तो शब्द अजून विसरलेला नाही. मावशी गेल्याला वीस वर्षं झाली, तरी नाही. शिऱ्याचा विषय निघाला की तो तिला आठवतो. तीच आम्ही माणसं, एक पिढी उलटली नाही तर शेजारच्या गावठाणाकडे बोट करून विचारतो, तिकडे आहे काय?

तिकडे वाशी आहे. तुर्भे, नेरूळ, घणसोली, सानपाडा, सारसोळे, करावे, दारावे आहेत. ही नावं सेक्टरची आहेत असं आमच्या इमारतीतल्या मुलांना प्रामाणिकपणे वाटतं. शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ मासिकात मांडली, १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनीवर आखणी सुरू झाली. म्हणजे नवे आम्ही. गावं होतीच. भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळ्यांची होडकी होती. भाडेकरू राहायला आला आणि दारावर ‘नवी वास्तू’ अशी पाटी लावून मोकळा झाला, त्यातला हा प्रकार.

आणि आमचा इतिहास काही फार जुनाही नाही, की धूळ झटकायला तज्ज्ञ बोलवावे लागतील. इथल्या कुठल्याही जमीन-जुमल्याच्या दलालाच्या काचेवर ‘साडेबारा टक्के’ हे शब्द असतात. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, साडेबारा टक्क्यांची इमारत. मी एका नव्याने फ्लॅट घेतलेल्या तरुण जोडप्याला विचारलं, हे साडेबारा टक्के काय असतं? मुलगा म्हणाला, “अंकल, काहीतरी जीएसटीसारखं आहे.” जीएसटी नव्हे रे बाळा. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि पागोटे-नवघरच्या भागात गोळीबार झाला, पाच माणसं मेली. पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली, तिच्यामागे ते रक्त आहे. जासईला हुतात्म्यांचं स्मारक आहे. तुझ्या इमारतीच्या पायाखालची ही गोष्ट आहे. जाऊन ये एकदा, घराचे कागद बघतोस तसं हेही बघ.

सिसिंगहर्स्टची ती बाग व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिच्या नवऱ्याने जिथं केली, ते पडकं आवार त्यांनी १९३० साली विकत घेतलं. दादांनी हे साल मला दोनदा सांगितलं. त्याच १९३० च्या २५ सप्टेंबरला आपल्या उरण तालुक्यात, चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. तिकडे गुलाबाची कलमं लागायची होती, इकडे शेतकरी आणि कातकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन आपल्याच रानातलं लाकूड तोडायला निघाले होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या. नाग्या महादू कातकरी गेला, त्याच्याबरोबरचे गेले, आणि त्या गोळीबारात सरकारचे स्वतःचे मामलेदारही गेले. चिरनेरला स्मारक आहे, महागणपतीचं देऊळ आहे, भोवती अजून रान आहे. बेलापूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. गुलाब नाहीत, हे कबूल.

मग आम्ही नव्या मुंबईची माणसं रविवारी बघतो काय? आम्ही नेरूळला वंडर्स पार्क बघतो. २०१२ च्या डिसेंबरात झालं. तिथं ताजमहाल आहे, चीनची भिंत आहे, रोमचं कलोसियम आहे, पेरू देशातलं माचूपिचू आहे, आणि सगळं संध्याकाळच्या आत बघून होतं. मी नातवाला घेऊन गेलो होतो. छोटी आगगाडी झकास आहे, माझी तक्रार नाही; मी दोनदा बसलो. नातू सगळीकडे फिरला, ताजमहालाच्या मनोऱ्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, “आजोबा, यातलं खरं काय आहे?” मी म्हटलं, तिकीट. अर्थात ज्या देशात अमेरिकन धनवंत जुन्यासारखं नवं गाव बांधतो, त्या देशाला नावं न ठेवता आपल्याच वंडर्स पार्कला ठेवणं बरं नव्हे. पण हीव्हरला खोट्या गावाशेजारी खरा किल्ला बघायला माणसं रांग लावतात. आमच्याकडे रांग फक्त खोट्याला. खऱ्या किल्ल्याला सिग्नल.

आणखी एक गंमत सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी बेलापूर स्टेशनवर एक परदेशी मुलगी भेटली. पाठीवर पिशवी, हातात नकाशांची लांब नळी. ‘आर्टिस्ट व्हिलेज’ कुठे म्हणून विचारत होती. ती वास्तुशास्त्र शिकत होती. मी कुठे घरी जाऊन दिवे लावणार होतो, गेलो तिच्याबरोबर. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत १९८० च्या दशकात बांधली. साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी, बैठी आणि एकमजली घरं, सात-सात घरांच्या मधे एक अंगण. कुठल्या दोन घरांची भिंत एक नाही, म्हणजे पैसे आले की ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. गरीब आणि बऱ्या घरांच्या प्लॉटमधे फरक अगदी थोडा. ती मुलगी एका अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी जमिनीवर बसली आणि दीड तास चित्रं काढत राहिली. एका काकूंनी तिला पाणी दिलं, नंतर कुरडई दिली, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ही एवढ्या लांबून आली? इथं बघण्यासारखं काय आहे हो?”

पुष्कळांनी ती घरं पाडून तिथं आता टाइल्स लावलेल्या तीनमजली इमारती उठवल्यात. मी त्यांना बोल लावत नाही. वाढवायलाच दिलेली घरं होती ती, आणि कोरियांनीही नाक मुरडलं नसतं असं मला वाटतं. पण राहिलेल्या अंगणांपैकी एखादं तरी, आणि त्या अंगणात एक पाटी, एवढं ठेवायला काय हरकत आहे? आम्ही मेव्हण्यांना किटलीचे फोटो काढायला केंटला पाठवतो. जगभरची पोरं आमची अंगणं बघायला इथं येतात, आणि त्यांना रस्ता सांगायला आम्हाला रस्ता माहीत नसतो.

लोक म्हणतील ऊन फार. सावलीसाठी कोणी टोपी मना केलेली नाही. म्हणतील, स्वच्छतागृह नाही. हा मुद्दा मात्र खरा आहे आणि पुरातत्त्वाच्या कोणत्याही तज्ज्ञापेक्षा सौ.ने तो जास्त प्रभावीपणे मांडलेला आहे. एका संबंधित कार्यालयाला मी त्याबद्दल दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, की पहिलं पत्र सापडत नाही. पण माणसंच येत नसतील तिथं स्वच्छतागृह कोण बांधणार? पन्नास बायका एका रविवारी शिरढोणला उतरल्या आणि त्यांनी एका सुरात विचारलं, तर महिन्याभरात पाया खणला जाईल. हीच गोष्ट पाटीची, हीच खुर्चीची.

आणि घाई यासाठी, की आमच्याकडे बघण्यासारखं नाहीसं व्हायला चारशे वर्षं लागत नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली. मला विमानतळ हवाच होता. दादांना तर फारच हवा होता, केंट जवळ झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, नदी वळवली आणि दहा गावं उठवली. विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून २०२१ साली हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती, ती काही उगाच नव्हे. माझी मागणी त्याहून लहान आहे. बॅगांची वाट बघत माणूस अर्धा तास त्या फिरत्या पट्ट्यापाशी उभा असतोच. समोरच्या भिंतीवर त्या दहा गावांची नावं लिहा. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, सगळी. कोण कुठे राहत होतं, देऊळ कुठे होतं, टेकडी केवढी होती. जाहिराती थोड्या सरकवा. बॅग येईपर्यंत वाचून होईल.

दादांना मी त्या रविवारी एवढं सगळं बोललो नाही, कारण जेवण व्हायचं होतं. पण नंतर आमच्या सोसायटीची एक सहल ठरवली आहे. सकाळी साडेसहाला बस, आधी बेलापूरचा किल्ला, मग शिरढोण, वेळ उरला तर चिरनेर. पळस्प्याला वड्यासाठी थांबण्याचं आश्वासन द्यावं लागलं, त्याशिवाय गणसंख्या भरत नव्हती. किती वेळ थांबायचं यावर कार्यकारिणीत मतभेद झाले आणि वीस मिनिटांवर तडजोड झाली. शिरढोणला चाळीस मिनिटं. दादांनी पनवेलला बसमध्ये चढायचं कबूल केलं आहे. कॅमेरा आणतो म्हणाले. मी दोन घडीच्या खुर्च्या बरोबर घेणार आहे. नावं नोंदवायची वही खाली वॉचमनकडे ठेवली आहे. काल संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं झाली होती. त्यातली सहा रंगीत खडूने लिहिलेली आहेत, आणि त्यांतल्या एका नावापुढे ‘भुयार असेल तर’ अशी अट घातलेली आहे.